शून्यातून कोणीच उभा राहत नाही

गेल्या महिन्यात कार्यकर्त्यांच्या एका बैठकीच्या निमित्ताने कन्नडला जाण्याचा योग आला. बैठक सुरू व्हायला अवकाश होता, म्हणून आम्ही गावातल्या एका वाचनालयात जाऊन बसलो. स्पर्धा परीक्षांचा अभ्यास करणारी वीस-पंचवीस मुले-मुली माना खाली घालून बसली होती. ग्रंथपालांनी आपुलकीने कपाटे दाखवली. समाजसुधारकांच्या समग्र वाङ्मयाचे खंड ओळीने उभे होते आणि त्यांची बांधणी कोरी होती. शेजारच्या कप्प्यातील पुस्तकांची मात्र मुखपृष्ठे सुटली होती, कडा काळवंडल्या होत्या, काहींना दोऱ्याने शिवलेले होते. ती होती यशस्वी उद्योजकांची आत्मचरित्रे आणि चरित्रे. "ही पुस्तके कपाटात राहतच नाहीत. एक परत आले की ते न्यायला दुसरा उभा असतो," असे ग्रंथपाल म्हणाले. त्यांच्या स्वरात तक्रार नव्हती, थोडा अभिमानच होता.

तेथेच एका तरुणाशी बोलणे झाले. वय तिशीच्या आत. वाळूजच्या औद्योगिक वसाहतीत काही वर्षे कंत्राटी कामगार म्हणून राबून तो गावी परतला होता. कर्ज काढून त्याने ठिबक सिंचनाचे साहित्य आणि खते-औषधे विकण्याचे दुकान घातले. या भागात आल्याचे पीक मोठे. भाव तेजीत होते तोवर दुकान चालले, शेतकऱ्यांनी विश्वासाने उधारीवर माल नेला. पुढच्या हंगामात भाव कोसळला, उधारी अडकली, हप्ते थकले आणि दुकानाला कुलूप लागले. आता तो तलाठी भरतीचा अभ्यास करतो. त्याच्या हातात तसलेच एक दोऱ्याने शिवलेले पुस्तक होते. तो म्हणाला, "सर, या पुस्तकातल्या माणसानं शून्यातून सगळं उभं केलं. माझ्यापाशी तर शून्यापेक्षा जास्त होतं. मंग मीच कमी पडलो ना?"

हा प्रश्न घेऊनच आम्ही बैठकीला गेलो आणि तो मनातून गेला नाही, म्हणून आज त्याविषयी लिहीत आहोत. आल्याचा भाव त्या तरुणाने पाडला नव्हता. उधारी बुडवणारे शेतकरी लबाड नव्हते, तेही त्याच भावात बुडाले होते. एका हंगामात सबंध पंचक्रोशी नागवली गेली आणि तरीही हा तरुण त्या सगळ्या अरिष्टाची जबाबदारी स्वतःच्या एकट्याच्या शिरावर घेऊन बसला होता. ही शिकवण त्याला कोठून मिळाली? सगळी त्या पुस्तकांतून मिळाली असे आम्ही म्हणणार नाही, परंतु काही वाटा त्यांचाही आहे. यश एकट्याच्या जिद्दीने मिळते असे ज्याने शंभर वेळा वाचले, तो अपयशही एकट्याच्या दुबळेपणामुळेच आले असे मानणार, हे ओघानेच आले.

या पुस्तकांची टिंगल करण्याची एक सवय आपल्या चळवळीत आहे. भांडवलदाराचे आत्मचरित्र म्हणजे भांडवलशाहीची जाहिरात, असे म्हणून आपण मोकळे होतो. ही सवय आळशीपणाची आहे आणि अन्यायाचीही आहे. ज्या समाजाने हाताने काम करणाऱ्याला हीन आणि पोथी सांगणाऱ्याला श्रेष्ठ मानले, त्या समाजात एखादा माणूस आपण लेथवर उभे राहून काम केले, भट्टीजवळ भाजलो, दारोदार माल विकला, असे अभिमानाने लिहितो, तेव्हा तो नकळत एक जुनी उतरंड हलवत असतो. नोकरी म्हणजेच जीवन असे मानणाऱ्या मराठी मध्यमवर्गाला धोका पत्करण्याची हिंमत या पुस्तकांनी दिली. कन्नडच्या मुलांना ती वाचावीशी वाटतात, कारण त्यांना परिस्थितीपुढे हात टेकायचे नाहीत. ही इच्छा आपल्या कामाची आहे. आक्षेप पुस्तकांत जे सांगितले जाते त्यावर नाही, जे सांगायचे राहून जाते त्यावर आहे.

उदाहरण मराठी उद्योगाच्या आद्य पुरुषाचेच घेऊ. लक्ष्मणराव किर्लोस्करांचे जीवन शं. वा. किर्लोस्करांनी 'यांत्रिकाची यात्रा' या चरित्रात सांगितले आहे. मुंबईच्या तंत्रसंस्थेतील शिक्षकाची नोकरी सोडून बेळगावात सायकलचे दुकान काढणारा, मग लोखंडी नांगर तयार करणारा आणि लोखंडाने जमीन नासते असे मानणाऱ्या शेतकऱ्याच्या दारात तो नांगर घेऊन धीराने उभा राहणारा हा माणूस असामान्य होता, याबद्दल दुमत होण्याचे कारण नाही. बेळगावची जागा सोडण्याची पाळी आली तेव्हा १९१० साली कुंडल रोड स्थानकाजवळच्या निवडुंगाच्या माळावर किर्लोस्करवाडी वसली. 'शून्यातून विश्व' या शब्दप्रयोगाला याहून चांगले उदाहरण मराठीत शोधूनही सापडणार नाही.

परंतु हे शून्य खरोखर शून्य होते काय? तो माळ औंधच्या संस्थानाचा होता. तो देणारे, शिवाय भांडवलासाठी कर्जाऊ रक्कम देणारे बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे संस्थानाधिपती होते आणि संस्थानाची तिजोरी म्हणजे अखेर रयतेचा सारा. माळावर रामूअण्णा किर्लोस्कर, शंभूराव जांभेकर, मंगेशराव रेगे, अनंतराव फळणीकर अशी माणसे आपापली विद्या घेऊन राबायला आली. तुरुंगाची शिक्षा भोगून आलेल्या माणसांनी रात्रीचे पहारे केले. जवळून रेल्वे जात होती. ती कोणा एका उद्योजकाने घातली नव्हती. आणि नांगर विकत घेण्याचे धाडस करणारा पहिला शेतकरी? त्यानेही एका हंगामाची जोखीम पत्करलीच होती. किर्लोस्करांच्या चरित्राची थोरवी ही की त्यात या सहकाऱ्यांची नावे आहेत. पुढच्या काळात 'प्रेरणादायी' म्हणून जी पुस्तके आली, त्यांतून ही नावे हळूहळू गळत गेली आणि 'मी' हा एकच शब्द मोठ्या टाइपात उरला.

लक्ष्मणरावांचे चिरंजीव शंतनुराव यांचे 'कॅक्टस अँड रोझेस' हे इंग्रजी आत्मचरित्र १९८२ साली प्रसिद्ध झाले. शंतनुराव आपल्या विचारांचे कडवे टीकाकार होते. सरकारी परवाने आणि नियंत्रणे यांनी उद्योगाचा गळा कसा आवळला, हे त्यांनी हातचे न राखता मांडले. त्यांच्या तक्रारीत तथ्य होते, हे आज प्रांजळपणे मान्य केले पाहिजे. परवाना-पद्धतीने समाजवाद आणला नाही, तिने दिल्लीत खेटे घालणाऱ्यांची आणि ते घालू देणाऱ्यांची एक नवी जात निर्माण केली. परंतु त्याच काळात परदेशी मालावरील आयातबंदीने देशी यंत्रांना बाजारपेठ राखून ठेवली होती आणि पाटबंधारे, ग्रामीण वीज, शेतीकर्जे यांवरील सार्वजनिक खर्चानेच पंपाला आणि तेलइंजिनाला गावोगाव गिऱ्हाईक मिळवून दिले होते. नियंत्रणाचा जाच ज्याला आठवतो, त्याला संरक्षणाची सावलीही आठवायला हवी.

आणि त्याच १९८२ सालच्या १८ जानेवारीला मुंबईतील सुमारे अडीच लाख गिरणी कामगारांचा संप सुरू झाला होता. एका वर्षात दोन आयुष्ये आपल्यासमोर आली: एक ग्रंथाच्या रूपाने, दुसरे टाळे लागलेल्या गिरण्यांच्या दाराशी. पहिल्याला मुखपृष्ठ मिळाले, पुनर्मुद्रणे मिळाली. दुसऱ्याच्या वाट्याला काही अभ्यास आले, काही नाटके-चित्रपट आले, परंतु गिरणगावातून कोकणात आणि घाटावर परत गेलेल्या त्या माणसांची अडीच लाख आत्मचरित्रे कोणी छापली नाहीत.

अलीकडच्या पुस्तकांत विठ्ठल कामत यांच्या 'इडली, ऑर्किड आणि मी' या आत्मकथनाइतकी लोकप्रियता फार थोड्यांना लाभली. वडिलांच्या उपाहारगृहात वाढलेला मुलगा पंचतारांकित हॉटेल उभारतो, ही कथा मराठी घराघरांत पोहोचली. ती खोटी नाही आणि कंटाळवाणीही नाही. तरीही मुंबईच्या उपाहारगृहांच्या सबंध विश्वाचा विचार करताना एक प्रश्न मनात येतो. कानडी मुलखातून, कोकणातून, घाटावरून लहान वयात आलेली, दिवसा टेबले पुसणारी, रात्रशाळेत शिकणारी आणि रात्री त्याच टेबलांवर झोपणारी जी हजारो मुले होती, त्यांच्यातील किती जणांची कथा आपल्याला ठाऊक आहे? हा दोष कोणा एका लेखकाचा नाही. आत्मचरित्र म्हणजे स्वतःविषयी लिहिणे, हे उघडच आहे. परंतु वाचकाने पुस्तक मिटताना त्या मुलांची आठवण ठेवायला हवी आणि ती आठवण ठेवायला शिकवणारे कोणी तरी हवे.

वगळण्याचा हा प्रकार आपल्याच भाषेत आहे असे नाही. अमेरिकेचा पोलादसम्राट अँड्र्यू कार्नेगी हा स्कॉटलंडमधील एका विणकराचा मुलगा. तेराव्या वर्षी तो अमेरिकेत आला आणि आठवड्याला सव्वा डॉलरपेक्षाही कमी मजुरीवर कापडगिरणीत बॉबिनी बदलू लागला. त्याचे आत्मचरित्र १९२० साली, मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. गरिबीचे इतके जिवंत वर्णन करणाऱ्या त्या ग्रंथात होमस्टेडच्या संपाला एक प्रकरण दिले आहे. १८९२ सालच्या जुलैत वेतनकपात आणि संघटना मोडण्याचा डाव यांविरुद्ध त्याच्या कारखान्यातील कामगार उभे राहिले, खाजगी सशस्त्र रखवालदार आणले गेले, गोळीबार झाला आणि माणसे मेली. कार्नेगी त्या वेळी स्कॉटलंडात होता. आपण तेथे असतो तर असे घडले नसते, असा त्याचा सूर आहे. त्या संपानंतर कामगार संघटना मोडली आणि दीर्घकाळ उभी राहिली नाही. पुढे कार्नेगीने शेकडो ग्रंथालये बांधली. परंतु दिवसाचे बारा तास भट्टीसमोर उभे राहणाऱ्याने ग्रंथालयात जायचे कधी?

येथे एक महत्त्वाचा फरक केला पाहिजे. २००५ साली पुण्यात मिलिंद कांबळे यांच्या पुढाकाराने दलित उद्योजकांचे वाणिज्य मंडळ स्थापन झाले. त्यानंतर दलित उद्योजकांच्या यशोगाथाही पुस्तकरूपाने आल्या. त्यांना सर्वसाधारण यशोगाथांच्या पंक्तीत बसवणे बरोबर नाही. ज्याच्या हातचे पाणी चालत नव्हते त्याच्या हातचा माल बाजारात चालू लागणे, ही जातिव्यवस्थेच्या इतिहासातील घटना आहे. ज्यांना पिढ्यान्‌पिढ्या ना जमीन ना कर्ज ना जामीन मिळाला, त्यांच्यापैकी कोणी कारखाना काढतो तेव्हा त्याने दोन लढाया जिंकलेल्या असतात. परंतु याच समाजाने मराठीला आत्मकथनाचे एक वेगळे रूप दिले, हेही विसरता कामा नये. दया पवारांचे 'बलुतं' १९७८ साली आले, प्र. ई. सोनकांबळे यांचे 'आठवणींचे पक्षी' आणि लक्ष्मण माने यांचे 'उपरा' त्याच सुमारास आले. या पुस्तकांतील 'मी' बोलतो तेव्हा सबंध वस्ती बोलते. लेखक पुढे निघून जातो, पण मागे राहिलेल्यांची बोच त्याला सोडत नाही. उद्योजकाच्या आत्मचरित्रात याच बोचेची उणीव आहे.

मुंबईच्या कमानी ट्यूब्ज या कारखान्याची कथा या दृष्टीने उद्बोधक आहे. विदर्भातील एका खेड्यातून आलेल्या, बालविवाहाचे चटके सोसलेल्या कल्पना सरोज यांनी हा डबघाईला आलेला कारखाना २००६ साली हाती घेऊन सावरला. २०१३ साली त्यांना पद्मश्री मिळाली. त्यांचे कर्तृत्व निर्विवाद आहे आणि ते शाळाशाळांतून सांगितले जाते. परंतु याच कारखान्याच्या कामगारांनी, मालक कुटुंबाच्या भांडणांमुळे तो बंद पडल्यावर, सर्वोच्च न्यायालयापर्यंत झगडून १९८८ साली तो स्वतः चालवण्याचा अधिकार मिळवला होता, हे किती जणांना माहीत आहे? कामगारांची ही मालकी पुढे टिकली नाही. का टिकली नाही, हे आपल्या चळवळीने नीट लिहून ठेवले असते तर ते यशोगाथेइतकेच मोलाचे ठरले असते. आपण विजयाच्या सभा घेतल्या आणि पराभवाची टिपणे मात्र ठेवली नाहीत. यशस्वी माणसे अपयश विसरतात म्हणून त्यांना दोष देताना हे ध्यानात ठेवलेले बरे.

आता कन्नडकडे परत येऊ. येथून छत्रपती संभाजीनगरला, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादला, जाणाऱ्या एस. टी. मध्ये बसलेल्या तरुणांपैकी बरेच जण वाळूजच्या कारखान्यांत जातात. वाळूजला मोठा वाहन कारखाना १९८५ साली उभा राहिला आणि त्याच्या मागोमाग लहान पुरवठादारांची रांग लागली. त्यांच्यातील काहींच्या कर्तबगारीच्या कथा वृत्तपत्रांतून येत असतात आणि त्या वाचनीय असतात. परंतु वाळूजची जमीन शेतकऱ्यांकडून संपादन करून औद्योगिक विकास महामंडळाने सपाट केली. रस्ते व वीज सार्वजनिक पैशातून आली. पाणी जायकवाडीतून आले, आणि जायकवाडीच्या जलाशयाखाली शंभराहून अधिक गावे गेली. त्या गावांतील माणसांनी दिलेले भांडवल कोणत्याही ताळेबंदात दिसत नाही. ज्या उद्योजकाने आपल्या आत्मचरित्राची पहिली ओळ त्या बुडालेल्या गावांना अर्पण केली, असा अद्याप आमच्या वाचनात आलेला नाही.

कन्नडचा स्वतःचाही एक उद्योग होता. त्याचे आत्मचरित्र नाही, म्हणून त्या वाचनालयात तो सापडत नाही. कन्नड सहकारी साखर कारखाना कोणा एका माणसाने शून्यातून उभा केला नव्हता. शेकड्यांनी शेतकऱ्यांनी भाग घेतले. ज्याने भाग घेतला त्याने कोठे तरी पोटाला चिमटा घेतलाच असेल. प्रवरानगरला विठ्ठलराव विखे पाटील आणि धनंजयराव गाडगीळ यांनी १९५०-५१ च्या हंगामात जो प्रयोग यशस्वी केला, त्याच प्रयोगाचे हे मराठवाड्यातील एक रोप. शेतकरी हा केवळ कच्चा माल पुरवणारा नसून कारखान्याचा धनी आहे, ही त्यामागील कल्पना. एका अर्थाने भागधारकांच्या नोंदवहीत उद्योजकांची शेकडो नावे होती.

पुढे काय झाले हे कन्नडच्या माणसांना सांगायला नको. कारखाना कर्जात बुडाला. सुमारे ८० कोटी रुपयांच्या थकबाकीपोटी राज्य सहकारी बँकेने २००९ साली त्याचा ताबा घेतला. २०१२ साली लिलाव झाला आणि सुमारे ५० कोटी रुपयांना तो बारामती अॅग्रो या खाजगी कंपनीकडे गेला. या लिलावात गैरव्यवहार झाल्याचा आरोप ठेवून अंमलबजावणी संचालनालयाने २०२४ च्या मार्चमध्ये कारखान्याच्या मालमत्तेवर टाच आणली. कंपनीच्या बाजूने हे आरोप राजकीय हेतूने केलेले म्हणून फेटाळण्यात आले. व्यवहारातील खरे-खोटे ठरवणे हे न्यायालयाचे काम आहे, आमचे नव्हे. तपासयंत्रणा कोणत्या पक्षाच्या माणसांकडे वळतात आणि कोणाकडे वळत नाहीत, हेही लोक पाहतच असतात. आमचा प्रश्न वेगळा आहे. लिलावाच्या कागदपत्रांत बँक आहे, कर्ज आहे, खरेदीदार आहे. भाग घेणारा शेतकरी त्यात कोठे आहे?

हा प्रश्न विचारताना स्वतःकडे बोट दाखवणेही भाग आहे. महाराष्ट्रातील सहकारी कारखाने केवळ बाहेरच्यांनी गिळले नाहीत. ते आधी आतून पोखरले गेले. सभासद निवडणुकीपुरता धनी राहिला, सर्वसाधारण सभा टाळ्यांची सभा झाली, हिशेब विचारणारा गावाचा वैरी ठरला. शेकडो शेतकऱ्यांच्या घामातून उभ्या राहिलेल्या संस्थेला एका साहेबाचे नाव चिकटले आणि त्याच्या वाढदिवसाला त्याच्या जीवनचरित्राचे समारंभपूर्वक प्रकाशन होऊ लागले. 'आम्ही' चा 'मी' होण्याची क्रिया ही अशी केवळ पुस्तकात घडत नाही, ती संस्थेतही घडते. पुस्तकात ती घडली तर वाचक फसतो, संस्थेत घडली तर सभासद नागवला जातो. उसाच्या पट्ट्यातील कोयता घेऊन दरवर्षी दिवाळीनंतर गाव सोडणाऱ्या तांड्यांवरील मजुरांचा तर या दोन्ही कथांत उल्लेख नसतो. कन्नड तालुक्यातील कार्यकर्त्यांना ही माणसे परकी नाहीत.

मग 'आम्ही' ची यशोगाथा कोठेच नाही काय? आहे, आणि तीही तितकीच प्रेरणादायी आहे. १५ मार्च १९५९ रोजी गिरगावात सात स्त्रियांनी ८० रुपये उसने घेऊन पापड लाटायला घेतले. त्यातून 'लिज्जत' उभी राहिली. पापड लाटणारी प्रत्येक बहीण तेथे नोकर नसून भागीदार मानली जाते. त्या सातजणींपैकी जसवंतीबेन पोपट यांना २०२१ साली पद्मश्री मिळाली, पण लिज्जत ही कोणा एकीची म्हणून ओळखली जात नाही. पुण्यात सत्तरच्या दशकात बाबा आढावांच्या पुढाकाराने हमाल पंचायतीने 'कष्टाची भाकर' सुरू केली. पाठीवर पोती वाहणाऱ्यांनी परवडणाऱ्या दरात पोटभर जेवण देणारा एक व्यवसाय चालवून दाखवला. आणि १९४९ साली आणंदला आलेले वर्गीस कुरियन यांचे आत्मकथन 'माझंही एक स्वप्न होतं' या नावाने मराठीत आले आहे. कुरियन काही संकोची गृहस्थ नव्हते. त्यांच्या पुस्तकात 'मी' भरपूर आहे. परंतु तो 'मी' आपण शेतकऱ्यांचे नोकर आहोत हे सांगताना लाजत नाही, आणि त्रिभुवनदास पटेलांसारख्या लोकनेत्याने गावोगाव पायपीट करून बांधलेल्या संघावर आपली इमारत उभी आहे, हेही लपवीत नाही. उद्योगाचे आत्मचरित्र असेही लिहिता येते.

म्हणून कार्यकर्त्यांना आमची पहिली सूचना अशी की, या पुस्तकांवर बहिष्कार घालू नका, ती अभ्यासमंडळात वाचा. तालुक्याच्या ठिकाणी महिन्यातून एक संध्याकाळ काढा. कन्नडसारख्या गावात त्यासाठी वाचक शोधावे लागणार नाहीत, ते वाचनालयात बसलेलेच आहेत. पुस्तक वाचून चार प्रश्न विचारा. या उद्योगाची जमीन, पाणी आणि कर्ज कोणाचे होते? पहिल्या दहा वर्षांत येथे कोण राबले आणि त्यांना काय मिळाले? लेखक पडला तेव्हा त्याला सावरणारे घर, नातेवाईक, जात किंवा ओळख होती काय? आणि त्याच काळात त्याच धंद्यात बुडालेले किती होते? हे प्रश्न विचारल्याने लेखकाचे कर्तृत्व कमी होत नाही. उलट ते कोणत्या भूमीवर उभे आहे हे कळल्याने ते अधिक समजते, आणि आपल्या पायाखाली ती भूमी नसेल तर ती तयार करण्याची मागणी सुचते: स्वस्त कर्जाची, पिकाच्या किमान भावाची, बुडालेल्याला पुन्हा उभे राहू देणाऱ्या कायद्याची.

दुसरी सूचना लिहिण्याची आहे. कन्नडच्या कारखान्याचे भाग ज्यांनी घेतले, त्यांच्यापैकी बरेच जण आता थकले आहेत, काही गेले आहेत. त्यांच्या ट्रंकेच्या तळाशी ती भागपत्रे अजून असतील. कार्यकर्त्यांनी पिशोरपासून घाटापर्यंत गावोगाव जाऊन त्यांना भेटावे. भाग घेण्यासाठी पैसा कसा उभा केला, पहिल्या गळिताच्या दिवशी काय पाहिले, सभेत कधी प्रश्न विचारला आणि त्याचे काय झाले, हे त्यांच्याच शब्दांत उतरवून घ्यावे. कारखान्यात पाळ्या केलेल्या कामगारांना विचारावे, त्यांची किती देणी राहिली ते मांडावे. ऊस तोडणाऱ्या बायकांना विचारावे. चुका झाल्या असतील तर त्या झाकू नयेत. शंभर माणसांच्या आठवणींचे एक साधे, दोनशे पानांचे पुस्तक निघाले तरी ते या तालुक्यातील उद्योजकतेचे पहिले खरे आत्मचरित्र ठरेल, आणि त्या कपाटात त्याला जागा मिळेल.

त्या पुस्तकात एक प्रकरण वाचनालयात भेटलेल्या त्या तरुणाचेही असावे, असे आम्हांला वाटते. त्याने कोणत्या महिन्यात किती उधारी दिली, भाव कोणत्या आठवड्यात पडला, हप्ता चुकल्यावर कोण दारात आले, हे त्याने लिहावे. लिहिताना त्याच्या ध्यानात येईल की त्याच्याबरोबर त्याच हंगामात आणखी किती दुकानांना कुलपे लागली. आम्ही निघालो तेव्हा त्याने ग्रंथपालांकडे ते पुस्तक परत केले आणि दुसरे मागितले. तेही तसलेच होते. कारण कपाटात दुसरे काही नव्हते. ही उणीव त्याची नाही, आपली आहे, आणि ती भरून काढण्याचे काम या हंगामापासूनच सुरू झाले पाहिजे.